रिकाम्या खोलीतला एसी

मामांना राग येतो, असं म्हणणं चुकीचं आहे. राग मामांच्या घरीच राहतो, त्याला कुठून यावं लागत नाही. सकाळी दाढी करताना तो आरशात असतो, दुपारी मामा आडवे झाले की त्यांच्या पायथ्याशी जरा लवंडतो आणि मामांच्या आधी उठून बसतो. नोकरी होती तोवर या रागाला बरीच गिऱ्हाइकं होती. साहेब होते, हाताखालचे होते, कँटीनचा चहा होता. निवृत्तीनंतर मात्र सगळा राग एका जागी येऊन साठला. ती जागा म्हणजे मामांच्या घराचा वरचा मजला, आणि त्यातही तिथला एसी.

वरचा मजला खरं तर माझ्या मामेभावासाठी बांधलेला. तो नोकरीसाठी लांबच्या शहरात गेला आणि बायकोमुलांसकट तिकडचाच झाला. दोन खोल्या, छोटं स्वयंपाकघर आणि रस्त्याकडे उघडणारी बाल्कनी असा तो मजला धूळ खात पडला. मग एक दिवस मामीनं कोणाला न विचारता पडदे बदलले, फोटो काढले, आणि दोन-चार दिवसांसाठी घरं भाड्यानं देणाऱ्या एका ॲपवर मजला चढवून टाकला. मामांना हे कळलं ते दारात बॅगा घेऊन एक जोडपं उभं राहिलं तेव्हा.

"कोण पाहिजे?" मामांनी विचारलं.

"आम्ही इथे राहायला आलोय."

"इथे मी राहतो."

आतून मामी हात पुसत धावत आली. "या, या, वर आहे तुमची खोली. हे आमचे हे. यांच्याकडे लक्ष देऊ नका."

मामीनं उभं आयुष्य मामांच्या शिफ्टच्या तालावर काढलं. त्यांची रात्रपाळी असली की दिवसा घरात कुजबुजत बोलायचं, दिवसपाळी असली की अंधारात उठून डबा करायचा. वरचा मजला ही तिची पहिली स्वतःची गोष्ट. चादरी ती स्वतः निवडते, उशांना ती स्वतः थोपटते. पाहुणे गेले की ॲपवर स्टार देतात आणि चार ओळींचं मत लिहितात, त्याला रिव्ह्यू म्हणतात. तो वाचताना मामीचा चेहरा निकाल लागलेल्या मुलीसारखा होतो. आणि हे स्टार फार घसरले तर ॲप घर काढून टाकतं. मामीचं घर त्या काठावर येऊन उभं होतं, आणि तिथपर्यंत त्याला ढकलत नेणारा माणूस तिच्याच घरात दाढी करत होता.

मामांची बाजूही सांगायला हवी, नाहीतर ते मलाही सोडणार नाहीत. मामा वीज कंपनीच्या सबस्टेशनमध्ये ऑपरेटर होते. समोर भिंतभर मीटर, आणि त्यांच्या काट्यांवर नजर ठेवून बसलेला एक माणूस. मागणी वाढली आणि तेवढी वीज नसली की वरून फोन यायचा, "लोड कमी करा." लोड कमी करा म्हणजे कोणाची तरी वीज घालवा. कोणाची, ते वेळापत्रकात असायचं. हँडल ओढणारा हात मात्र मामांचा. हँडल खाली आलं की अख्खी वस्ती अंधारात, आणि पुढच्या मिनिटाला त्या वस्तीतून फोन. इस्त्रीवाले, पिठाच्या गिरणीवाले, परीक्षेला बसलेल्या मुलांचे बाप, सगळे मामांच्या सात पिढ्यांची आस्थेनं चौकशी करायचे. मामांना उलट बोलायची परवानगी नव्हती. त्या वेळापत्रकात त्यांची स्वतःची गल्लीही होती.

"बाकीच्या बायकांचे नवरे घरी काहीतरी आणायचे," मामी सांगते, "आमचे हे घरातली वीज घालवायचे. आणि वर येऊन विचारायचे, अगं, अंधारात काय बसलीस?"

तर त्या काळात गिळलेलं सगळं बोलणं मामा आता बाहेर काढतात.

"बाळंतिणीच्या खोलीतला पंखा बंद केलाय मी!" ते ओरडतात. "का? तर वीज नाही! आणि हा गृहस्थ खुर्च्यांना थंडी वाजावी म्हणून एसी लावून समुद्रावर गेलाय!"

प्रश्न बिलाचा नव्हता. बिल मामी भाड्यातून भरायची आणि वर शिल्लकही उरायची. हेच मी एकदा त्यांना समजवायला गेलो.

"बिल भरलं की वीज परत येते का?" मामांनी मलाच धरलं. "भरल्या ताटावरून उठलास आणि पैसे फेकलेस, तर ते अन्न कोणाच्या पोटात गेलं? सांग ना!"

मी बिलाची घडी घालून ती मामीकडे परत दिली.

आणि पाहुणे तरी काय एकेक नग होते! चार तरुण आले, त्यांनी एसी सोळावर लावला, मग थंडी वाजते म्हणून मामीकडून जादा पांघरुणं मागून नेली, आणि एकाला सिगरेट ओढायची होती म्हणून बाल्कनीचं दार रात्रभर उघडं ठेवलं. एक कुटुंब गीझर चालू ठेवून दोन दिवस डोंगरावर गेलं. परत आल्यावर त्यांनी तक्रार केली की नळाला पाणी फार कढत येतंय. एका बाईंनी ओले टॉवेल वाळवायला पंखा लावला, पंख्यानं खोली गरम होते म्हणून एसी लावला, आणि आपण खाली मामीजवळ गप्पा मारत बसल्या, कारण वर फार गार होतं! ही माणसं वाईट नव्हती हो. मामीशी गोड बोलायची, जाताना वाकून नमस्कार करायची. स्वतःच्या घरी यांतला प्रत्येकजण खोलीतून बाहेर पडताना दिवा विझवत असणार. पण पैसे मोजलेल्या घरात शिरलं की माणसाचा हात बटणापर्यंत जायचाच थांबतो. "भाड्यात आहे ना?" हा प्रश्न एकदा विचारून झाला की विषय संपला.

मामांनी आधी पाट्या लावल्या. पहिली अगदी सभ्य होती: "कृपया बाहेर जाताना सर्व बटणे बंद करावीत." दुसरी: "आपण बाहेर चाललात. मग एसी कोणासाठी?" तिसरी मामीनं काढायच्या आत आठवडाभर टिकली: "रिकाम्या खोलीत फक्त भुते असतात. त्यांना उकडत नाही." तिच्याखाली कोणीतरी बॉलपेननं लिहून गेलं, "तुम्हाला काय अनुभव?"

मग हॉटेलात असतं तसं दाराशी कार्ड अडकवायचं यंत्र बसवलं. कार्ड काढलं की सगळं बंद. मामा दोन दिवस शीळ घालत फिरले. तिसऱ्या दिवशी पाहुणे बाहेर गेलेले असताना वर एसी घोंघावत होता. मामांनी जाऊन पाहिलं, तर यंत्रात एक दुसरंच जाडसर कार्ड खोचलेलं. उपसून वाचलं. त्यावर मामांचंच नाव होतं, खाली "निवृत्त ऑपरेटर". स्वतःच हौसेनं छापलेली ती कार्डं मामा प्रत्येक पाहुण्याला ओळख म्हणून द्यायचे.

त्या दिवशी मामांनी पहिल्यांदा जिन्याखालचा मेन स्विच पाडला. वरच्या मजल्याची सगळी वीज त्या स्विचवरून जाते. संध्याकाळी पाहुण्यांना फ्रीजमधलं दूध नासलेलं मिळालं आणि मामीला एक स्टार मिळाला. काही दिवसांनी पुन्हा तेच. तेव्हा मामीनं मामांना स्विचसमोर उभं करून वचन घेतलं, की वर काही दुरुस्तीचं काम असल्याशिवाय या स्विचला हात लावायचा नाही. मामांनी दिलं. दात-ओठ खात दिलं, पण दिलं.

आता इथे लाल पाटीबद्दल सांगायला हवं, कारण पुढचं सगळं रामायण तिच्यामुळे घडलं. विजेच्या कामात एक रीत असते. लाईनवर माणूस काम करत असेल, तर ती बंद करणारा स्विचवर लाल पाटी अडकवतो: "माणसे काम करत आहेत. स्विच लावू नये." ज्यानं पाटी लावली त्यानंच ती काढायची. साहेब आला, मंत्री आला, कोणी आला तरी दुसऱ्यानं हात लावायचा नाही. मामांच्या तरुणपणी एका घाईतल्या माणसानं दुसऱ्याची पाटी काढून स्विच लावला होता. तेव्हा खांबावर मामांचा मदतनीस होता. तो वाचला, त्याचा उजवा हात वाचला नाही. मामी कितीतरी दिवस त्याच्या बायकोसाठी दवाखान्यात डबा घेऊन जायची. तेव्हापासून मामांच्या घरी साधा दिवा बदलायचा असला तरी स्विचवर लाल पाटी लागते. आम्ही भाचरं हसायचो. मामी कधी हसली नाही.

यानंतर इलेक्ट्रिक गाडीवाला एक पाहुणा आला. त्यानं बाल्कनीतून खाली वायर सोडून रात्रभर गाडी चार्ज केली, आणि सकाळी मामांनी भर रस्त्यात वायर उपटून त्याच्या हातात दिली. सोबत जे शब्द दिले ते त्यानं रिव्ह्यूमध्ये जसेच्या तसे लिहिले. ॲपकडून मामीला ताकीद आली. मामीनं ती वाचली, चष्मा काढला, आणि त्या क्षणापासून मामांशी बोलणं बंद केलं.

मामीचा अबोला म्हणजे शांतता नव्हे. ती बोलते, फक्त मामांशी नाही. भिंतीशी बोलते, कपाटाशी बोलते, मी असलो तर माझ्याशी. "तुझ्या मामांना सांग, चहा ठेवलाय." मामा समोरच बसलेले. "तुझ्या मामीला सांग, दिसतोय." असं पंधरवडाभर चाललं होतं. अशात चॉकलेटवाली आली.

ती घरी चॉकलेटं बनवून विकायची. दुसऱ्या दिवशी गावातल्या हॉलमध्ये मोठं प्रदर्शन होतं, तिथे तिला पहिल्यांदाच टेबल मिळालं होतं. सोबत थरावर थर रचलेली खोकी. तिनं मामीला आधीच हात जोडले. "मावशी, एक विनंती आहे. मी उद्या सकाळी हॉल बघायला जाईन, तेव्हा एसी चालू ठेवावा लागेल. माल वितळतो हो. बाकी सगळं बंद करून जाते." आणि खरंच, तिनं बाल्कनीचं दार लावलं, पडदे ओढले, सगळी खोकी एकाच खोलीत नेली, एसी जरुरीपुरताच ठेवला, गीझरचं बटण दोनदा तपासलं. मामी खाली आली ती तरंगतच. इतकं शहाणं गिऱ्हाईक तिला आजवर मिळालं नव्हतं.

सकाळी मामीनं फ्रीजकडे तोंड करून मोठ्यानं जाहीर केलं, "आज वरचा एसी चालू राहणार आहे. आत माल आहे. कोणी हात लावायचा नाही."

फ्रीजनं ऐकलं. मामा तेव्हा नळ सोडून अंघोळ करत होते.

अंघोळ करून, कपडे करून मामा बाहेर आले. दाढ दुखत होती, दाताच्या डॉक्टरकडे जायचं होतं. फाटकाशी त्यांना दिसलं, की चॉकलेटवाली कुलूप लावून रिक्षात बसून गेली, आणि एसीच्या पाइपातून कुंडीत पाणी ठिबकतंय. टप, टप, टप. त्या पाण्यानं कुंडीतलं झाड चांगलं वाढलं होतं. मामांना त्या झाडाचाही राग यायचा.

एरवी मामा आधी वर जाऊन बघायचे. चाळीस वर्षं काट्यावर नजर ठेवलेला माणूस, बघितल्याशिवाय हँडल ओढायचा नाही. पण दाढ ठणकत होती, आणि पाहुणे काय करतात ते त्यांना न बघताच पाठ होतं. स्विच पाडला. मग वचन आठवलं. काम असल्याशिवाय हात लावायचा नाही. क्षणभर ते जिन्याखाली घुटमळले असतील. मग त्यांनी खुंटीवरची लाल पाटी काढून स्विचला अडकवली, आणि फोन शोकेसवर विसरून दवाखान्यात निघून गेले.

थोड्या वेळानं मामीला जाणवलं, की वरची घरघर थांबलीये. जिन्याखाली आली, तर पाटी. टाकी धुवायला म्हणून मामांनी आदल्या दिवशी लावलेली शिडी अजून भिंतीला टेकलेली होती. मामीला वाटलं, हे वर वायरिंगच्या कामाला लागलेत.

"अहो!" अबोला विसरून तिनं हाक मारली. "अहो, ऐकलंत का? आज नको! आज एसी लागतोय!"

उत्तर नाही. मग तिनं मला फोन केला. मी दोन गल्ल्या पलीकडे राहतो, चपला घालून निघालो तो पोचलोच. गच्चीवर गेलो, टाकीमागे बघितलं, बाल्कनीत वाकलो. मामा नाहीत. फोन लावला, तर शोकेसवर वाजला.

"मामी, ते घरात नाहीयेत. काढू का पाटी?"

"हात लावलास तर बघ!"

"अगं पण कोणी काम करत नाहीये."

"तुला काय माहीत? बाथरूममध्ये वायरी उघड्या टाकून काही आणायला गेले असतील. कोणीतरी ओल्या हातानं धरेल. पाटी आहे ना तिथे? मग त्यांनी लावलीये, ते काढतील."

"चॉकलेटं वितळतायत गं."

"दिसतंय मला!"

मामीच्या कपाळावर घाम होता. तिला नक्की माहीत होतं काय पणाला लागलंय. आणखी एक तक्रार, की तिचं घर ॲपवरून बाहेर. एक बोट वर केलं असतं तर सगळं वाचलं असतं. तिनं ते केलं नाही. मामीजवळच्या दुसऱ्या किल्लीनं कुलूप उघडून आम्ही दोघं वरची खोकी खाली आणायला लागलो. खाली एसी नाही, मामा बसवूच देत नाहीत. मामीनं आपला फ्रीज रिकामा केला, भाज्या, दुधाची पातेली सगळं ओट्यावर, आणि आत खोकी कोंबली. मावतील तेवढी आजूबाजूच्या घरांतल्या फ्रीजमध्ये पोचवली. तरी बरीच उरली. ती जिन्यात पंख्याखाली मांडून मामी पुठ्ठ्यानं वारा घालत बसली.

अशा वेळी मामा आले. गालात कापूस, ओठ बधिर, एका बाजूनं तोंड लोंबकळलेलं.

"कुठे होतात?" मामीनं विचारलं.

मामांनी गालाकडे बोट दाखवलं.

"काम कुठे चाललंय?"

मामांनी जिन्यातली खोकी बघितली. एकाचं झाकण उघडं होतं, आत तपकिरी चिखल. त्यांनी पाटीकडे बघितलं. मग जाऊन पाटी काढली, स्विच लावला, आणि वर एसीची घरघर सुरू झाली.

"काम नव्हतं ना?"

मामांनी मान हलवली. नव्हतं.

तेवढ्यात चॉकलेटवाली आली. आता मला वाटलं होतं, ती रडेल. ती रडली नाही, पेटली. "मी सगळं बंद करून गेले होते!" ती इतक्या जोरात ओरडली की समोरच्या घराच्या खिडक्या उघडल्या. "एकूण एक बटण! फक्त एक चालू ठेवलं होतं, तेही विचारून! महिनाभर हात भाजून घेतलेत यासाठी! तुम्ही वर येऊन बघितलं का? एकदा तरी बघितलं?"

मामांना उत्तर द्यायचं होतं. तोंड वळेना. त्यांनी "मी... मी..." असं काहीतरी केलं आणि गालातला कापूस खाली पडला. एरवी मी हसलो असतो.

ती खोकी मोजायला वर गेली तेव्हा मामी उठली. ती फार हळू बोलली, आणि मामांवर कोणी इतकं हळू रागावलेलं मी पाहिलं नव्हतं.

"स्टार गेले तर जाऊ देत. माल भरून देऊ. पण पाटी खोटी लावलीत तुम्ही. मी इथे उभी राहिले. ही पाटी आहे म्हणजे कोणाचातरी जीव आहे, म्हणून उभी राहिले. त्या पोराचा हात गेला तेव्हा त्याच्या बायकोला मी काय सांगितलं होतं? आमचे हे असते तर झालं नसतं. हे पाटीशी कधी खेळत नाहीत. आता उद्या तुम्ही खरंच शिडीवर असाल आणि इथे पाटी असेल, तर मी काय समजायचं? खरी की रागातली?"

मामा खाली बसले. दाढेमुळे नव्हे.

चॉकलेटवालीनं वाचलेला माल घेऊन अर्धं टेबल मांडलं. रिव्ह्यू तिनं लिहिला, आणि खरा लिहिला. मामीबद्दल चांगलं, मामांबद्दल खरं. ॲपकडून विचारणा आली: वीज मुद्दाम बंद केली होती का? मी मामीच्या शेजारी बसून छान, गुळगुळीत उत्तर तयार केलं: "तांत्रिक बिघाडामुळे..."

"खोड ते," मामा खिडकीशी बसल्या जागेवरून म्हणाले. "लिही, स्विच मी पाडला. काम चालू नव्हतं. बिघाड माझ्या डोक्यात होता."

"मामा, घर जाईल ॲपवरून."

"लिही म्हणतो ना!"

मी मामीकडे बघितलं. तिनं मान डोलावली. मी लिहिलं. घर सहा आठवड्यांसाठी बंद झालं, आणि सोबत एक ओळ आली, की पुन्हा तक्रार आल्यास कायमचं.

त्या सहा आठवड्यांत मामांच्या अगदी मनासारखं झालं होतं. वर एक युनिट जळत नव्हतं. कुंडीतलं झाड माना टाकायला लागलं. मामा रोज वर जायचे, सगळी बंद बटणं पुन्हा बंद आहेत का बघायचे, आणि कोणावर ओरडायचं ते न सुचून खाली यायचे. मामीनं तेवढ्यात जिन्याखालच्या स्विचला पत्र्याची पेटी बसवून घेतली. तिला कुलूप घातलं आणि किल्ली आपल्याकडे ठेवली. पाटीही पेटीत. मामांनी ते काम होताना शेजारी उभं राहून बघितलं, कारागिराला एक सूचनासुद्धा केली नाही. ते बघून मला खरी काळजी वाटली.

घर पुन्हा सुरू झालं त्याच आठवड्यातली गोष्ट. एक गृहस्थ आले, काळा चष्मा, बायको, आणि सासूबाई. दुपारी तिघं फिरायला निघाले. मी मामांकडे पेपर वाचत बसलो होतो. बाहेर गाडी सुरू झाल्याचा आवाज आला आणि मामा ताडकन उठले. वर एसी घोंघावत होता, आणि बाल्कनीचं दार सताड उघडं, पडदा बाहेर रस्त्यावर फडफडत होता. मामा लाल झाले. पाय आपोआप जिन्याकडे गेले, पेटी, कुलूप, परत फिरले, तोंड उघडलं.

पण मामी केव्हाच फाटकाबाहेर होती. घरातल्या सपाता तशाच पायात.

"एसी चालू राहिलाय तुमचा."

"असू दे ना," गृहस्थ काच खाली करून म्हणाले. "आल्यावर गार हवं."

"आल्यावर लावा. लगेच गार होतं."

"मावशी, आम्ही पैसे भरलेत."

"खोलीचे भरलेत, खोली तुमची आहे. तुम्ही आत असाल तर दिवसरात्र लावा, मी एक अक्षर बोलणार नाही. पण आत कोणी नाहीये. दार उघडं आहे. माझा एसी आत्ता रस्ता गार करतोय!"

"हे बघा, मी रिव्ह्यू लिहीन."

मी पेपर खाली ठेवला. मामा दारात खांबासारखे उभे. मामीच्या मानेवरची शीर उडताना इथून दिसत होती. मला वाटलं, आता ती हसेल, हात जोडेल, म्हणेल, बरं बरं, मी बघते, तुम्ही जा. इतकी वर्षं ती तेच करत आली होती.

"लिहा," मामी म्हणाली. "खुशाल लिहा! फक्त खरं लिहा. एसी लावून, दार उघडं टाकून निघालो होतो, म्हातारीनं गाडी अडवली, हे सगळं लिहा. पण आधी वर जा आणि बंद करा. नाहीतर सामान खाली आणा, सगळे पैसे परत घेऊन जा. माझ्या घरात रिकाम्या खोलीत काही चालू राहत नाही. कळलं?"

मागच्या सीटवरून सासूबाईंचा आवाज आला. "जावईबापू, जा की. घरी आमच्याकडून बाथरूमचा दिवा राहिला तर केवढं आकांडतांडव करता!"

बायको खिडकीकडे तोंड करून हसत होती. गृहस्थ उतरले, दाणदाण जिना चढले. बाल्कनीचं दार धाडकन बंद झालं, एसी थांबला. दाणदाण खाली आले, मामीकडे न बघता गाडीत बसले.

"अगं, काय झापलंस तू त्याला!" मामा पायऱ्या उतरत धावले. चेहरा असा फुललेला मी कित्येक वर्षांत बघितला नव्हता. "अगदी—"

"तुम्ही बोलू नका," मामी म्हणाली. "तुमच्याशी मी बोलत नाहीये." आणि रिव्ह्यूत काय येतंय याची पर्वा न करता, अजून रागातच, गाडी वळणाआड जाईपर्यंत ती तिथेच उभी राहिली.